सहा आकडी पत्ता

तोफखान्यात वर्तुळाचे 360 अंश नसतात, 6400 मिल असतात. तुमच्यापासून एक किलोमीटरवर दोन खांब एक मीटर अंतराने उभे असतील, तर त्यांच्यातला कोन साधारण एक मिल. तोंडी हिशेबाला याहून सोयीचं माप मला आजवर भेटलेलं नाही. दुर्बिणीच्या काचेवरच्या बारीक रेघांनी कोन मोजायचा, नकाशावरून अंतर काढायचं, गुणायचं, आणि गोळा किती मीटर डावीकडे पडला ते रेडिओवर सांगायचं. ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलच्या तोफखाना शाळेत 1966 साली हे शिकलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. गणित बरं होतं म्हणून मला तोफखाना मिळाला, अशी माझी समजूत आहे. सैन्यात कारण कोणी सांगत नाही आणि विचारणाऱ्याचं भलं होत नाही.

मी मराठीत का लिहितो तेही सांगून टाकतो. जन्म नगर जिल्ह्यातला. आईवडील अमेरिकन मराठी मिशनमध्ये, मुक्काम नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला. शाळेसाठी कोडाईकॅनॉलला पाठवत, पण सुट्टीत घरी आलं की अंगणाबाहेर बोलायची भाषा एकच. कॉलेजला अमेरिकेत गेलो. तेव्हा तिथल्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत पहिली दोन वर्षं मुलांना लष्करी शिक्षण सक्तीचं असे. पुढची दोन मी आपणहून घेतली, कारण दरमहा थोडे पैसे मिळत, आणि पदवी हातात पडताच सक्तीची भरती दारात उभी राहणार हे दिसतच होतं. शिपाई म्हणून ओढून नेण्यापेक्षा लेफ्टनंट म्हणून गेलेलं बरं, एवढाच विचार. देश, साम्यवाद, लोकशाही या शब्दांचं ओझं मी फारसं उचललं नव्हतं. माझ्या वयाच्या बहुतेकांनी उचललं नव्हतं; ते ओझं मोठी माणसं वाहत होती.

1967च्या सुरुवातीला मी दक्षिण व्हिएतनामच्या बिन्ह दिन्ह प्रांतात पोचलो. बोंग सनचा सपाट मुलूख, त्यातून वाहणारी नदी, भाताची खाचरं, नारळाच्या राया, पूर्वेला समुद्र आणि पश्चिमेला लगेच डोंगर. कोणी सह्याद्री ढकलत ढकलत कोकणाच्या आणखी जवळ आणून ठेवावा तसा तो भाग. फ्रेंचांशी लढाई चालली होती तेव्हापासून हा प्रांत व्हिएत मिन्हचा बालेकिल्ला होता. आता तिथे उत्तर व्हिएतनामची तिसरी डिव्हिजन होती, ‘साओ वांग’ म्हणजे पिवळा तारा नावाची, आणि गावोगावी व्हिएत काँगचे स्थानिक लोक. आमच्या बाजूने त्या फेब्रुवारीत ‘पर्शिंग’ नावाची मोहीम सुरू झाली. ती पुढच्या जानेवारीपर्यंत चालली, आणि माझी नोकरी जवळजवळ सगळी तिच्यातच गेली.

पहिलं काम फॉरवर्ड ऑब्झर्व्हरचं. देवळालीला शिकलेले भारतीय तोफखान्यातले लोक याला ओपी म्हणतात. पायदळाच्या कंपनीबरोबर चालायचं, आणि कंपनी अडकली की आठ-दहा किलोमीटर मागे टेकडीवर बसलेल्या आपल्या बॅटरीला, म्हणजे सहा तोफांच्या तुकडीला, गोळे कुठे टाकायचे ते सांगायचं. माझ्याबरोबर एक सार्जंट आणि एक रेडिओवाला. रेडिओ पीआरसी-25, बॅटरीसकट दहा किलोच्या पुढे. त्यावर पोराचं स्वतःचं सामान, पाणी, बंदूक. अँटेना लांबून दिसते, आणि तिच्याशेजारी नकाशा उघडणारा माणूस कोण, हे समोरच्याला न सांगता कळतं. म्हणून नकाशा काढायच्या आधी मी खाली बसायचो.

कंपनीचा कॅप्टन मला दिवसातून अनेकदा एकच प्रश्न विचारायचा: ‘आपण कुठे आहोत?’ प्रश्न साधा वाटतो. 1:50,000चा नकाशा, त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. वर झाडांचं छप्पर असं की आकाश दिसत नाही, आणि सगळ्या सोंडा सारख्या. पण आपण नेमके कुठे आहोत हे चुकलं तर मागवलेला गोळा आपल्याच डोक्यावर. तेव्हा यावर एक उपाय होता. नकाशावर जिथे दोन रेघा छेदतात अशी एक जागा निवडायची आणि बॅटरीला सांगायचं की तिथे, जमिनीपासून दोनशे मीटर उंचीवर, पांढऱ्या फॉस्फरसचा एक गोळा फोडा. आकाशात पांढरा ढग दिसला की होकायंत्राने त्याची दिशा घ्यायची. असे दोन ढग झाले की आपली जागा ठरली. झाडीमुळे ढग दिसलाच नाही तर कानावर भागवायचं. बॅटरीकडून ‘स्प्लॅश’ असा शब्द येतो, म्हणजे आता पाच सेकंदांत फुटणार. ते पाच मोजायचे, आणि तिथून आवाज येईपर्यंत मोजत राहायचं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर. तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. फोर्ट सिलच्या उघड्या माळावर हे कधी करावं लागलं नव्हतं.

संध्याकाळचं काम मात्र मला मनापासून आवडायचं. कंपनी रात्रीसाठी थांबली, खंदक खणले गेले, की अंधाराआधी मी चारी बाजूंना गोळे ‘बसवून’ घ्यायचो. नियमाप्रमाणे आपली माणसं सहाशे मीटरच्या आत असली की धोक्याचा इशारा देऊनच मारा मागायचा. पहिला गोळा त्यापलीकडे टाकायचा. मग पन्नास-पन्नास मीटरने आत आणत यायचं. आवाज बदलत जातो. लांबचा गोळा दणका देतो; जवळचा आधी कडाडतो, आणि मग वरच्या पानांतून लोखंडाचे तुकडे खडखडत खाली येतात. खंदकातून कोणीतरी शिवी हासडली की समजायचं, पुरे. त्या जागेला एक क्रमांक द्यायचा. रात्री कोणी अंगावर आलंच तर पत्ता सांगत बसायला नको, क्रमांक सांगितला की झालं. इतक्या जवळ आगीचं कुंपण घालून घेतल्यावर पोरं शांत झोपायची, आणि सकाळी न मागता कोणीतरी मला आपल्या डब्यातले पीचचे काप आणून द्यायचं. लष्करी डब्यांच्या बाजारात पीचचे काप म्हणजे सोनं होतं. हॅम आणि पावट्याचा डबा कुत्रंही खात नसे.

मोकळ्या मैदानातली लढाई वेगळी. बोंग सनच्या वाड्या बांबूच्या दाट कुंपणांत, आणि कुंपणाखाली खंदक. वाडीतून गोळीबार सुरू झाला की आमचं पायदळ खाचरांच्या बांधांमागे चिखलात आडवं व्हायचं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. आमच्यावर वाडीतून गोळी आली असेल तर वाडीवर मारा करायला नियमाची आडकाठी नसे. पहिला गोळा पलीकडे, दुसरा अलीकडे, मधलं अंतर निम्मं, पुन्हा निम्मं, आणि मग सहाही तोफा एकदम. तळघरांसाठी फ्यूजला किंचित उशीर द्यायचा, म्हणजे गोळा आधी आत शिरतो आणि मग फुटतो. असे दिवस बरेच आले. त्यातल्या एका दिवशी गोळीबार थांबल्यावर आम्ही आत गेलो तेव्हा प्रत्येक घराखाली कुटुंबापुरतं भुयार खणलेलं होतं. एका भुयारातून म्हातारी, दोन मुलं आणि एक डुक्कर धड बाहेर आली. शेजारच्या भुयारातून कोणी आलं नाही. त्यात काय होतं ते मी उतरून पाहिलं, कारण कॅप्टनला आकडा हवा होता. तो आकडा ‘शत्रू’ या रकान्यात गेला. रकाना दुसरा नव्हताच.

सहा महिन्यांच्या आसपास लेफ्टनंटला डोंगरातून काढून बॅटरीत आणायची पद्धत होती. माझी बदली फायर डिरेक्शन सेंटरवर झाली. म्हणजे आता गोळे मागणारा मी नव्हतो, मागणीचं गणित करणारा होतो.

आमची टेकडी बुलडोझरने वरून कापलेली. तोफा, गोळे, पाणी, पत्रं, सगळं दोन पंख्यांच्या चिनूक हेलिकॉप्टरखाली लोंबकळत यायचं. पाच तोफा कडेने, एक मधे. कुठल्याही दिशेला तोंड फिरवता यावं म्हणून. तोफ 105 मिलिमीटरची, पल्ला अकरा किलोमीटर. पितळी टोपणासकट गोळ्याचं वजन 19 किलोच्या आसपास. टोपणात दारूच्या सात पिशव्या दोरीने बांधलेल्या. पल्ला कमी हवा तर वरच्या पिशव्या कापून काढायच्या. उरलेल्या पिशव्या रोज संध्याकाळी खड्ड्यात जाळत, तेव्हा टेकडी पिवळ्या ज्वाळांनी उजळून निघायची. तोफेवरची पोरं एकोणीस-वीस वर्षांची, कमरेवर उघडी, लाल मातीने माखलेली. कानात काहीतरी घाला असं आम्ही सांगायचो. ती सिगारेटचे फिल्टर घालायची किंवा काहीच नाही. माझा डावा कान त्याच टेकडीवर राहिला.

सगळ्या नव्या माणसांना शेजारच्या किम सन खोऱ्यातली एक गोष्ट सांगत. नाताळची युद्धबंदी संपते न संपते तोच, 27 डिसेंबर 1966च्या रात्री, तिथल्या ‘बर्ड’ नावाच्या तळावर हल्ला झाला आणि हल्लेखोर तोफांपर्यंत पोचले. तेव्हा ‘बीहाइव्ह’ गोळे आडवे डागले गेले. त्या एका गोळ्यात पोलादाचे सुमारे आठ हजार छोटे बाण असतात. दोन गोळ्यांनी हल्ला मोडला. ही गोष्ट सांगताना सांगणारा नेहमी आपल्या तोफेवर हात ठेवून उभा राहायचा.

गणिताची खोली म्हणजे वाळूच्या पोत्यांचं तळघर. आत कंदील, नकाशाचा तक्ता, त्यावर टाचण्या, पल्ल्याच्या कोष्टकांच्या सरकपट्ट्या. कोपऱ्यात फॅडॅक नावाचा संगणक, मोठ्या ट्रंकेएवढा. पोरं त्याला फ्रेडी म्हणायची. जनरेटर चालू असेपर्यंत फ्रेडी हुशार होता. जनरेटर खोकला की आम्ही पुन्हा टाचण्यांकडे. माझा मुख्य मदतनीस कोरियाची लढाई पाहिलेला सार्जंट होता. तो मला ‘एल. टी.’, म्हणजे लेफ्टनंट, म्हणायचा, त्यात आदर किती आणि दया किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याचा नियम असा की एकाच माऱ्याचं गणित दोघांनी वेगवेगळं करायचं, आणि दोन्ही उत्तरं जुळल्याशिवाय तोफेकडे आकडा जाणार नाही. मग वर पायदळ ओरडत असो.

त्या गणितात किती गोष्टी शिरतात हे बाहेरच्याला खरं वाटत नाही. वाऱ्याची दिशा आणि वेग, तेही वेगवेगळ्या उंचीवरचे. त्यासाठी हवामानवाले फुगे सोडत. हवेची घनता. दारूचं तापमान, म्हणजे पेट्यांमधे थर्मामीटर खोचून ठेवायचा. प्रत्येक नळीची झीज, कारण जुनी नळी गोळा थोडा हळू फेकते. लक्ष्याची उंची आपल्यापेक्षा किती कमी किंवा जास्त. प्रकाशाचा गोळा असेल तर आणखी एक भानगड. तो हवेत उघडतो, छत्रीखाली दिवा मिनिटभर जळत खाली येतो, पण गोळ्याचं रिकामं पोलादी कवच पुढे उडत जाऊन कुठेतरी आदळतं. ते कुठे आदळेल याचंही गणित करायचं, कारण त्या बाजूला एखादी वाडी असली तर उजेड पाडताना घर पडायचं. सार्जंट हे गणित कधी टाळू देत नसे. या कामाचा मला अभिमान होता, अजूनही आहे, आणि ते लपवून पुढचं सांगणं खोटेपणा होईल.

कारण अचूकता होती ती सगळी आमच्या टोकाला. पलीकडच्या टोकाला एक आकडा होता: नकाशावरच्या चौकोनाचा सहा आकडी पत्ता. सहा आकडे म्हणजे शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद जागा. त्या जागेत कोण आहे हे आमच्या कुठल्याच कोष्टकात नव्हतं.

परवानगीची व्यवस्था होती, आणि ती थट्टेवारी न्यावी अशी नव्हती. गावांभोवती तांबड्या पेन्सिलीने रेघा मारलेल्या, आत मारा नाही. इतर ठिकाणी आधी आपल्या पायदळाला विचारायचं, मग जिल्ह्याच्या व्हिएतनामी मुख्यालयाला. तिथला अमेरिकन सल्लागार त्या अधिकाऱ्याला विचारणार, तो हो म्हणणार किंवा नाही. कधी उत्तर दोन मिनिटांत यायचं, कधी अर्ध्या तासात, आणि तोवर ज्याने मागणी केली तो लेफ्टनंट रेडिओवर काय काय बोलायचा ते इथे छापता येणार नाही. मीही तसंच बोललो होतो. पण हो म्हणणाऱ्यानेही ती जागा पाहिलेली नसायची. आणि काही भागांत विचारायचीच गरज नव्हती. आन लाओचं खोरं त्याच वर्षी रिकामं केलं होतं. माणसं हलवून बोंग सनच्या आसपासच्या छावण्यांत आणली होती. त्यामुळे खोऱ्यात जो दिसेल तो शत्रू. आता ज्याने खेड्यात चार दिवस काढलेत त्याला कोणी सांगायला नको, की पीक तयार झालं की शेतकरी छावणीत बसून राहत नाही. भात कापायला लोक रात्री परत जात. आमच्या नकाशावर ते खोरं मात्र रिकामंच होतं.

रोज संध्याकाळी वरून एक यादी यायची. त्रास देणे आणि वाट अडवणे, असं त्या माऱ्याचं नाव. सगळे एच अँड आय म्हणत. यादीत पंधरा-वीस पत्ते: पायवाटांचा तिठा, ओढ्याचा उतार, डोंगराची खिंड, ‘संशयित छावणी’. प्रत्येकावर रात्रीतून दोन-चार गोळे, वेळ आधी कळू नये म्हणून मुद्दाम वेडीवाकडी. बघणारा कोणी नाही. यादी कशावरून बनते हे मी एकदा गुप्तवार्ता पाहणाऱ्या कॅप्टनला विचारलं. जुने अहवाल, खबऱ्यांचं बोलणं, नकाशाकडे पाहून बांधलेला अंदाज. शिवाय हेलिकॉप्टरला लावलेलं एक यंत्र माणसाच्या घामालघवीचा अमोनिया हुंगत जंगलावरून फिरायचं. त्याला म्हैस आणि माणूस यातला फरक कळत नसे, आणि हे समोरच्यांना आमच्याइतकंच लवकर कळलं. ते झाडांना लघवीच्या बादल्या टांगून ठेवू लागले.

मी त्या याद्यांचं गणितही तितक्याच काळजीने केलं. वारा घेतला, तापमान घेतलं, दोन उत्तरं जुळवली. सार्जंटला विचारलं, ‘कोण असेल तिथे?’ तो म्हणाला, ‘एल. टी., मला अंतर विचारा.’ मला त्याचा राग आला नाही. वीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाने स्वतःला शाबूत ठेवायला घातलेली ती भिंत होती. आमच्याच टेकडीवर असं होतं असंही नाही. त्या काळात देशभर तोफखान्याच्या गोळ्यांचा मोठा वाटा असाच, कोणी न पाहता उडवला जात होता. 1968च्या मध्यावर जनरल अब्राम्स सरसेनापती झाले आणि त्यानंतर हा प्रकार पुष्कळ कमी झाला. कारण दिलं गेलं दारूगोळ्याच्या खर्चाचं. त्या खर्चाला आणखी एक बाजू होती. न फुटलेले गोळे व्हिएत काँगचे लोक उकरून काढत, कापून आतली दारू घेत आणि तिचे सुरुंग आमच्याच वाटेवर पेरत. मी डोंगरात असताना माझ्यापुढे चालणाऱ्या पोराचा पाय ज्याने गेला, तो सुरुंग आमच्याच गोळ्यातला होता, असं सुरुंगवाल्यांनी तुकडे पाहून सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये पाऊस सुरू झाला. वडाळ्याच्या माणसाला हा पाऊस उलटा वाटतो, पण मी कोडाईकॅनॉलचा परतीचा पाऊस पाहिलेला, त्यामुळे मला तो ओळखीचा. ढग टेकडीखाली उतरले की हेलिकॉप्टर बंद, विमानं बंद, उरल्या फक्त तोफा. डिसेंबरमध्ये ताम क्वानची मोठी लढाई झाली तेव्हा आम्ही नळ्यांवर पाणी ओतत गोळे डागले. जानेवारीत सगळ्यांना उत्तरेकडे हलवलं, आणि महिनाअखेरीस टेटच्या सणात ह्वे शहर पडल्यावर त्याच्या बाहेरच्या गावांवर मारा करत माझे शेवटचे आठवडे गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. खोलीत होतो, आकडे होते.

घरी आल्यावर मी जमीन मोजणीचं काम धरलं. चाळीस वर्षं शेतांच्या हद्दी, रस्ते, भाऊबंदकीचे बांध मोजले. त्या कामात एक सुख होतं: ज्याची जमीन तो शेजारी उभा असायचा.

पुढे, दोन्ही देशांचे संबंध सुरळीत होऊन बरीच वर्षं झाल्यावर, मी बिन्ह दिन्हला गेलो. क्वी न्योनला एका चहाच्या दुकानात दुभाषी मुलीने माझी एका वृद्धाशी गाठ घालून दिली. तो साओ वांग डिव्हिजनमध्ये होता, उखळी तोफेवर. मी कोणत्या तोफेवर होतो हे त्याने विचारलं. मी म्हटलं, 105. तो हसला आणि म्हणाला, तीच तोफ त्याच्या काकाने फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत दिएन बिएन फूला दोरखंडांनी ओढून डोंगरावर चढवली होती. बरोबरच आहे. 1954 साली तिथे व्हिएत मिन्हकडे होत्या त्या 105च्या तोफा अमेरिकन बनावटीच्याच, चीनमार्गे आलेल्या. मग आम्ही कामाचं बोललो. त्यांच्याकडे वर्तुळाचे 6000 भाग, रशियन पद्धतीचे. आमचे फुगे त्याला आठवत होते. संध्याकाळी टेकडीवर जळणाऱ्या पिशव्याही आठवत होत्या; आग मोठी असली की आज जवळच्या खोऱ्यांवर मारा झाला, असं ते ताडत. हे आम्हाला कोणाला सुचलं नव्हतं.

रात्रीच्या गोळ्यांचा विषय मीच काढला. तो म्हणाला, ‘त्याचं काय एवढं? नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगायचो, तिठ्यावर थांबायचं नाही, उतारावर थांबायचं नाही, दोनशे पावलं बाजूने जायचं.’ मी विचारलं, मग तिठ्यावर कोण असायचं? मुलीने प्रश्न त्याच्यापर्यंत पोचवायला थोडा वेळ घेतला. त्याने खांदे उडवले आणि सांगितलं, सरपण आणणारे, मीठ विकणाऱ्या बायका, शिवाय आपलंच भात चोरून कापायला जाणारे.

त्याच्या गावात अजून गोळे निघतात. युद्ध संपल्यापासून व्हिएतनाममध्ये अशा न फुटलेल्या दारूगोळ्याने सुमारे 40,000 माणसं मेली आणि 60,000 जखमी झाली, असा तिथला सरकारी अंदाज. त्यातली बरीच नांगर चालवताना, आणि बरीच भंगाराच्या पैशांसाठी. नगरजवळ खारे कर्जुन्याच्या सराव-माळाच्या आसपास भंगार वेचणाऱ्यांच्या अशाच बातम्या येत राहिल्या, त्यामुळे लोखंडाच्या तुकड्यासाठी माणूस जीव का धोक्यात घालतो हे मला कोणी समजावून द्यायला नको होतं.

परत आल्यावर मी मेरीलँडच्या कॉलेज पार्कमधल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन बसलो. तिथे त्या काळातल्या तुकड्यांच्या रोजनोंदी आहेत. काही रात्रींच्या याद्या जशाच्या तशा मिळाल्या. पण ते पत्ते आजच्या जीपीएसमध्ये घातले तर चुकीच्या जागी नेतात. आमचे नकाशे ज्या पायावर काढले होते तो भारतीय सर्वेक्षणाचा: जॉर्ज एव्हरेस्टने 1830 साली मांडलेला पृथ्वीचा आकार आणि मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरचा मूळबिंदू. आजच्या जागतिक मापाशी त्याचा फरक काही शे मीटरचा पडतो. हे रूपांतर माझ्या धंद्यातलंच. हिवाळाभर बसून सगळे पत्ते बदलून घेतले, प्रत्येकापुढे तोफेची जागा, दिशा आणि गोळा किती इकडेतिकडे पडू शकतो तेवढं अंतर लिहिलं, आणि तो गठ्ठा सुरुंग काढणाऱ्या तिथल्या एका तुकडीकडे पाठवला.

तुकडीच्या प्रमुखाचं उत्तर आलं. यादीबद्दल त्याने आभार मानले होते, दोन पत्त्यांबद्दल शंका विचारली होती, ती रास्त होती. खाली लिहिलं होतं की ते काम सुरू करताना आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्यांना विचारतात, त्यांनी सांगितलेल्या जागा पाहून झाल्या की मग नकाशा उघडतात. यादी तेव्हा उपयोगी पडेल. त्या दोन शंकांची उत्तरं मी त्याच आठवड्यात पाठवून दिली.